ऑप्शनला टाकलेलं पान

वडनेर भोलजी
१२ जानेवारी २०२५

काजल,

मायना काय लिहावा यातच अर्धा तास गेला. 'चि. सौ.' लिहिलं आणि खोडलं, कारण आमच्या घरात सध्या तुझ्या नावामागे 'सौ.' लावायचं की नाही यावरच दोन तट आहेत. 'प्रिय' लिहिलं असतं तर पुढचं न वाचताच तू कागद चुलीत घातला असतास. म्हणून नुसतं नाव लिहिलं.

फोन लागत नाही. माझा नंबर तू ब्लॉक केला असणार. बरं केलंस. तुझ्या जागी मी असते तर सिमकार्डच मोडून फेकलं असतं. पण तुझ्या माहेरी, सोनाळ्यात, पोस्टमन अजून घरोघर येतो, त्याला काही तू ब्लॉक करू शकत नाहीस.

आज जिजाऊ जयंती. रविवार असूनही कॉलेजात कार्यक्रम होता आणि भाषण माझ्या गळ्यात पडलं. विषय 'आई आणि संस्कार'. प्राचार्यांना म्हटलं, सर, मी बायोलॉजीची बाई, त्यात बिनलग्नाची, दुसऱ्या कुणाला सांगा. "मॅडम, तुमच्याइतकं मुद्देसूद कोण बोलतं?" असं म्हणून त्यांनी माईक हातात दिला. बोलले वीस मिनिटं. टाळ्याही पडल्या.

गजू बरा आहे. एकवीस महिन्यांचा झाला, वजन अकरा किलो. मागच्या आठवड्यात अकोल्याला नेऊन पुन्हा दाखवलं. डॉक्टर म्हणाले, हगवणीत आलेल्या त्या झटक्याचं मागे काही राहिलेलं नाही. पेरू दिसला की हट्ट करतो. झोपतो माझ्याजवळ, कारण आईला खोकल्यानं झोप नसते आणि ज्ञाना पहाटेच मोटर चालू करायला शेतात जातो. तुझ्याशिवाय त्याचं काही अडत नाही, असं लिहिणार होते, पण ते तुला सांगायचं कशासाठी?

तुझे बाबा तुला घेऊन गेले त्याला आता साडेसहा महिने झाले. लेकरू इकडे, आई माहेरी, हे चांगलं दिसत नाही. ज्ञाना माझा पाठचा भाऊ असला तरी नवरा म्हणून तो किती हेकट आहे हे तुलाच जास्त ठाऊक. तो आपणहून बोलवायचा नाही. तुझ्या सासूची समजूत मी घालेन, ती माझी आईच आहे. तू फक्त एवढं कर, घरी ये आणि सगळ्यांसमोर म्हण की घाबरून माझ्या हातून मीठ जास्त पडलं, यापुढे जपून वागेन. विषय तिथंच मिटेल. कुणाचं काय चुकलं हे उगाळत बसण्यात काय अर्थ आहे?

सोबत तिळगुळाचा डबा आहे. घरचाच गूळ आहे.

सुचिताताई


वडनेर भोलजी
२७ जानेवारी २०२५

काजल,

डबा सीलबंद परत आला. त्याच्यावर माझंच पत्र, आणि पत्राच्या पाठीवर बॉलपेननं तुझी एक ओळ: "ताई, दवाखान्यात तुम्ही डॉक्टरले इंग्लिशमधी काय म्हनलं व्हतं?"

बावीस वर्षं प्रश्नपत्रिका काढतेय. इतका सोपा आणि इतका अवघड प्रश्न मला कधी काढता आला नाही. पाच दिवस त्या ओळीसमोर बसले. आता उत्तर लिहिते.

गजूला सलाईन लावलेलं होतं. हात फळीला बांधला होता आणि तू त्याच्या पायाशी बसली होतीस. डॉक्टर म्हणाले, याच्या रक्तात मीठ फार वाढलंय. ते एकदम उतरवता येत नाही, मेंदूला सूज येते. दोन-तीन दिवस हळूहळू उतरवावं लागेल. मग त्यांनी विचारलं, "पाण्यात मीठ किती टाकलं होतं?" तू म्हणालीस, "दोन चमचे." "आणि साखर?" "नाही टाकली." "असं कोणी सांगितलं?" तेव्हा तू माझ्याकडे पाहिलंस.

मी डॉक्टरांना इंग्रजीत म्हणाले, "ती दहावीपर्यंतच शिकली आहे. मी नीट सांगितलं होतं, तिला समजलं नसावं."

घे, हे मराठी भाषांतर. तुला कळू नये म्हणून मी इंग्रजीत बोलले होते. तू खाली पाहिलंस तेव्हा मला वाटलं, बरं झालं, कळलं नाही. तुला सगळं कळलं होतं, नाही का? दहावीला इंग्रजीत तुला बाहत्तर होते. स्थळ पाहायला आलो तेव्हा तुझी मार्कशीट मीच वाचली होती.

आता त्या दिवसाचंही लिहून टाकते. अकरावीच्या प्रवेशाची गर्दी होती, स्टाफरूममध्ये फॉर्मांचे गठ्ठे. तुझा आवाजी मेसेज आला: "ताई, गजूच्या हगवणीच्या पुड्या सरल्या. गोजरबाई ट्रेनिंगले गेल्या. त्या म्हनत व्हत्या का घरीच मीठ-साखरेचं पानी करता येते. किती किती टाकू?" गोजरबाई आपली आशाताई. तिनं तुला बरोबरच सांगितलं होतं. आणि मी, एम.एस्सी. बी.एड., मी काय उत्तर पाठवलं? "गोजरबाईले काय समजते! साखर बिलकुल टाकू नको, साखरेनं हगवण वाढते. मीठ टाक, मोठे दोन चमचे. मीठ असते तिथं पानी थांबते. चमच्याचमच्यानं पाजत राह्य." बोलता बोलता मी एका पोराच्या फॉर्मवर शिक्कासुद्धा मारला.

हे मी का सांगितलं ते तुला कळायला हवं. माझ्या वर्गात बटाट्याचा प्रयोग प्रसिद्ध आहे. कच्चा बटाटा सोलून वाटीसारखा कोरायचा, आत चमचाभर मीठ घालायचं आणि बशीत पाण्यावर ठेवायचा. तास संपेपर्यंत मिठाच्या खळग्यात पाणी जमतं. मी विचारायची, "मीठ जिथं?" आणि अख्खा वर्ग ओरडायचा, "पाणी तिथं!" तपासणीला आलेल्या साहेबांनी शेरेबुकात माझं नाव लिहून कौतुक केलं होतं. तेव्हापासून हे वाक्य माझ्या डोक्यात जाऊन बसलं.

पण ते अर्धंच आहे, काजल. आपल्या शरीरातल्या प्रत्येक पेशीला एक पटल असतं, स्निग्ध पदार्थाचं, दुहेरी. दुधावरच्या सायीहून कितीतरी पट पातळ. ते सगळ्यांना आत घेत नाही. पाणी त्यातून जातं, मीठ जात नाही. मिठासाठी त्या पटलात वेगळी दारं आहेत. हगवणीत आतड्याच्या पेशींची बाकीची दारं कामाला येत नाहीत, पण एक दार चालू राहतं. ते नुसत्या मिठाला उघडत नाही. मिठाबरोबर साखरेचा कण असला तरच उघडतं, मग दोघं बरोबर आत जातात आणि त्यांच्या मागून पाणी जातं. पुडीत साखर चवीसाठी नसते. ती नसेल तर बाकीचं सगळं दाराबाहेर.

हे सगळं पुस्तकात आहे. बटाट्याच्या प्रयोगानंतर दोन पानांनी. त्या पानावर आलं की मी दरवर्षी म्हणते, "हे ऑप्शनला टाका, बोर्डाला येत नाही." पोरं खूश होतात, पोर्शन वेळेत संपतो. बावीस बॅचेसकडून मी ते पान ऑप्शनला टाकून घेतलं. मी स्वतः ते नीट कधी वाचलं होतं का? आठवत नाही.

गजूच्या आतड्यात नुसतं मीठ राहिलं आणि त्यानं त्याच्या अंगातलंच पाणी ओढून घेतलं. थोडं आत गेलं ते रक्तात साचलं. म्हणजे जे मी बटाट्याचं करत होते तेच तुझ्या लेकराचं केलं, आणि चमचा तुझ्या हातात दिला.

मला हे कधी कळलं तेही सांगते. तिसऱ्या दिवशी मी कपडे न्यायला घरी आले होते ना, तेव्हा पुस्तक काढून ते पान वाचलं. गजू अजून दवाखान्यातच होता. तू व्हरांड्यात भिंतीला टेकून बसलेली होतीस, तुला कोणी चहासुद्धा विचारत नव्हतं. मी परत आले आणि तुझ्या शेजारून आत गेले.

हे पत्र जपून ठेव. तुझ्या बाबांना दाखव. ज्ञानाला दाखवायचं असेल तर दाखव.

सुचिता


वडनेर भोलजी
९ फेब्रुवारी २०२५

काजल,

हेही पत्र तू परत पाठवलंस. या वेळी पाठीवर तीन ओळी आहेत. "हे मी कोनाले दाखवनार नाही. दाखवलं तं म्हनतीन, हिनंच लिहून घेतलं. तुमच्या तोंडानं सांगा, गजूच्या बापासमोर."

म्हणजे पुरावा दुसऱ्यांदा माझ्या हातात आला. पहिल्या वेळी मी त्याचं काय केलं ते तू विसरली नसशील. तरी दिलास. मला तुझा राग येतो, खरं सांगते. एवढा विश्वास टाकायचा असेल तर माणसानं आधी विचारावं तरी.

बैठक पुढच्या रविवारी ठरली. अर्जुनरावमामा मधे बसणार. ज्ञाना फारकतीवर अडून आहे आणि गजू इथंच राहील म्हणतो. त्याला मिठाचा राग आहेच, पण त्याहून जास्त एका गोष्टीचा आहे. मामांना तो म्हणाला, "चुकलं अशीन तं चुकलं. पन वरून ताईवर घातलं तिनं. खोटारड्या बाईसंग मी संसार कसा करू?"

तू खोटारडी कशी झालीस ते आपल्या दोघींनाच माहीत आहे. दवाखान्यात तू नळावर पाणी भरायला गेली होतीस. मी जिन्याच्या वळणावर उभी राहून माझ्या फोनमधून तो आवाजी मेसेज 'सर्वांसाठी' डिलीट केला. संध्याकाळी तू रडत ज्ञानाला म्हणालीस, "ताईनंच सांगतलं, मोबाईलमधी हाय," आणि फोन त्याच्या हातात दिलास. त्यात काय उरलं होतं? तुझा प्रश्न, आणि त्याखाली मेसेज डिलीट केल्याची एक राखाडी ओळ. ज्ञानानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "अरे, मीठ-साखरेचं तं मी फोन करून नीट सांगतलं व्हतं. हा मेसेज कॉलेजच्या ग्रुपवर टाकायचा व्हता, चुकून काजलले गेला, म्हनून काढला." माझा आवाज जरासुद्धा हलला नाही. ज्ञाना तुला म्हणाला, "खोटं तरी नोको बोलू."

मी स्वतःला समजावलं होतं की हे घराच्या भल्यासाठी आहे. गावात लोक मला मॅडम म्हणतात. रक्ताचे रिपोर्ट घेऊन माणसं आपल्या दारात येतात, 'मॅडम, वाचून द्या' म्हणतात. त्यांचा भरवसा गेला तर कोणाचं भलं, असं मी मनाशी म्हणत होते. सोंगाला शिक्षण लागतं आणि ते माझ्याजवळ भरपूर आहे.

रविवारी मी बोलेन, असं लिहिण्यासाठी हे पत्र सुरू केलं होतं. आता ते वाक्य लिहायला पेन उठत नाही. दोन वेळा मी बोलायच्या जागी गप्प बसले आहे. तिसऱ्यांदा बसणार नाही याची हमी मी कशाच्या जोरावर देऊ? तुझ्या बाबांना सांग, तू परत पाठवलेलं पत्र मी फाडलेलं नाही. आज, नऊ तारखेपर्यंत तरी नाही.

सुचिता


वडनेर भोलजी
१६ फेब्रुवारी २०२५, दुपार

काजल,

हे पत्र पोस्टानं येणार नाही. का, ते पुढे कळेलच.

बैठक अकराला अंगणात बसली. मामा, चार भाऊबंद, ज्ञाना. तुझ्याकडून रामरावबाबा एकटेच आले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि मान खाली घालून बसले. त्यांच्या पायात चप्पल तुटकी होती, ती पाहून मी उठले. नाहीतर कदाचित उठले नसते.

सगळं सांगितलं. आवाजी मेसेज, दवाखान्यातलं इंग्रजी, जिन्यावरचं डिलीट करणं. तू परत पाठवलेलं पत्र मामांच्या हातात दिलं. त्यांनी चष्मा लावून वाचलं आणि घडी घातली. मग माझ्याकडे मायेनं पाहिलं.

"सुचिता, तुह्यासारखी शिकलेली बाई असं कसं सांगीन? भावाचा संसार मोडू नये म्हनून तू अंगावर घेऊन राह्यली. समजते आमाले."

बाकीच्यांनी माना डोलावल्या. कुणीतरी म्हणालं, "नणंद असावी तं अशी." मी म्हटलं, मामा, खरंच मीच सांगितलं, बटाट्याचा प्रयोग असा असतो, पुढचं पान असं आहे. मी पटल, दार, मीठ, साखर सगळं समजावून सांगायला लागले आणि जितकं मुद्देसूद सांगत गेले तितका त्यांचा विश्वास उडत गेला. इतकं समजणारी बाई चुकेल कशी? ज्ञाना म्हणाला, "ताई, बस आता. तुह्या मनाचा मोठेपना माईत हाय मले."

मी बसले, काजल. हे तुला दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी मीच सांगते. बसताना मला हलकं वाटलं. मी बोलले होते, त्यांनी मानलं नव्हतं, आता माझ्याकडे काही उरलं नाही. बाबा टोपी उचलायला लागले होते आणि मी नुसती बघत होते.

तेवढ्यात आई स्वयंपाकघराच्या दारातून बोलली. कधी नव्हे ते बैठकीत बोलली.

"ते खरं सांगून राह्यली. मी आयकलं व्हतं."

आई तिथंच उंबऱ्यावर टेकली. "काजलनं मोबाईल माह्यासमोरच लावला व्हता. दोन येळा लावला. मी गहू निवडत व्हती. काजल म्हने, आई, गोजरबाई तं साखर सांगत व्हत्या, टाकू का जराशीक? मी म्हनलं, ताई म्हनते तसं कर. मांगून तिनं एकटीत इचारलं तं म्हनलं, मले काही आठवत नाही."

ज्ञाना उभा राहिला. "मंग आठ महिने तोंड शिवून काऊन बसली तू?"

"मंग का करू? बिनलग्नाची लेक हाय माही. तिच्याजवळ तिचं नाव हाय, दुसरं काय हाय? सुनेले निदान माहेर तरी हाय." एवढं बोलून ती पदर तोंडाला लावून आत गेली. आत्तापर्यंत बाहेर आलेली नाही. तुझी सासू म्हणून तिच्यावर तू किती चिडायचं ते तू ठरव. माझी आई म्हणून मला तिच्याकडे बघवत नाही, कारण तिला माझं सगळं माहीत होतं आणि तरी आम्ही दोघी रोज ताटाला ताट लावून जेवत होतो.

ज्ञाना बराच वेळ विहिरीच्या कठड्यापाशी उभा होता. मग येऊन बाबांना म्हणाला, "बाबा, थांबा जरा. म्या येतो तुमच्यासंग. गजूले घेऊन." माझ्याशी तो बोललेला नाही. बोलावं अशी अपेक्षाही नाही. आत्ता तो पलीकडच्या खोलीत गजूची पिशवी भरतोय. हे पत्र मी त्याच पिशवीत कपड्यांच्या खाली ठेवणार आहे. तू दार उघडायचं की नाही, ज्ञानाला आत घ्यायचं की ओसरीवरूनच परत पाठवायचं, तो तुझा प्रश्न. त्यात कोणी शहाणपण सांगायचं नाही, मी तर नाहीच नाही.

पण अजून एक राहिलंय. बैठकीत ते सांगितलं नाही आणि ज्ञानालाही माहीत नाही.

गावातलं नाव, मॅडमपण, हे सगळं खरं आहे, पण एवढ्यासाठी मी आठ महिने गप्प बसले नसते. सप्टेंबरमध्ये एका दुपारी मी कॉलेजातून आले तर गजू धावत आला, पायाला मिठी मारली आणि म्हणाला, "आई." आई परसात होती, घरात दुसरं कोणी नव्हतं. 'आत्या' म्हण, असं मी त्याला म्हणायला हवं होतं. मी दार लोटलं, त्याला उचललं आणि विचारलं, "काय म्हनलं? पुन्हा म्हन." त्यानं पुन्हा म्हटलं. सेहेचाळीस वर्षांत मला तसं कोणी म्हटलं नव्हतं. त्यानंतर तो मला आईच म्हणतो. घरातल्यांना वाटतं, लेकरू आहे, म्हणतं काहीतरी. मी त्याला एकदाही दुरुस्त केलं नाही. बावीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका लाल पेनानं दुरुस्त करणारी बाई मी.

म्हणून जानेवारीतलं ते पहिलं पत्र. सगळ्यांसमोर माफी माग आणि घरी ये, असं मी लिहिलं होतं. तू ही अट मान्य करणार नाहीस हे मला पक्कं माहीत होतं. बोलावल्यासारखं दिसावं आणि तू येऊ नयेस, अशा बेतानं ते लिहिलं होतं. मीठ तरी माझ्या अडाणीपणानं पडलं. हे मात्र मी समजून उमजून केलं.

आज सकाळी, बैठकीच्या आधी, मी तुमच्या लग्नाचा फोटो काढून त्याला दाखवला. तुझ्यावर बोट ठेवून म्हटलं, "ही आई." त्यानं फोटोकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि हसून माझ्या गालावर चापट मारली. त्याला वाटलं मी गंमत करतेय.

ज्ञाना हाक मारतोय. पटकन लिहिते. पिशवीत निळा स्वेटर आहे, सोनाळ्याकडे सकाळी गारठा असतो. पेरूच्या बिया काढून द्याव्या लागतात. पुड्यांची पाच पाकिटं ठेवली आहेत, एका पुडीला एक लिटर पाणी, मोजून. हे तुला माहीत आहे, तरी लिहिते.

तो रडेल. पहिले काही दिवस सारखा रडेल आणि 'आई, आई' करत दाराकडे जाईल. तो माझ्यासाठी रडतोय हे तुला कळेल आणि ते तुझ्या जिव्हारी लागेल. कितीही रडला तरी त्याला माझ्याकडे आणू नकोस, मला फोन लावून देऊ नकोस, व्हिडिओवर दाखवूसुद्धा नकोस. तो 'आई' म्हणेल तेव्हा दर वेळी तू ओ दे.

गजूची आत्या